तबकडी आणि टोपली
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मंडळाच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर माझे काम म्हणजे सतरंज्या अंथरणे, हळदीकुंकवाची ताटे लावणे आणि शेवटी चहाचे कप मोजून परत ठेवणे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषणात काही उणे-अधिक झाले तर आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे. चिटणीसबाईंनी मला विषय दिला, ‘परदेशात मी काय पाहिले?’ उंच इमारती, मोठमोठे रस्ते, दुकाने यांविषयी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त चित्रांतून पाहिले असेल. म्हणून मी त्या कशाविषयीही बोलणार नाही. मी तेथे एक खेळ खेळले, त्याविषयी बोलणार आहे. हसू नका. सत्तेचाळीस वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारी, रक्तात साखर असलेली, ती लुगड्याचा पदर खोचून खेळली, हे ऐकून हसू येणारच. मलाही आले होते.

२०२३ च्या ऑगस्टात मी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले. लेक-जावई लॉस एंजेलिस या मोठ्या शहराजवळ पॅसाडेना नावाच्या गावी राहतात. सोबत मेथ्या, डिंक, खसखस, बाळंतशेपा, ओवा आणि जुन्या सुती लुगड्यांची दुपटी एवढा संसार बांधून नेला होता. सप्टेंबरात नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. देवाला साखर ठेवली, घरी फोन केला, आणि मी माझ्या राज्याला सुरुवात केली. शेक, शेगडी, कानाला फडके, तिखट नको, थंड नको, वाऱ्याला जायचे नाही. माझ्या आईने माझे केले, तिच्या आईने तिचे केले, तेच मी करीत होते.

पण लेकीचे काही ठीक नव्हते. दूध पाजताना ती भिंतीकडे पाहत बसे. बाळ झोपले की आंघोळीच्या खोलीत जाऊन रडे. मी विचारले की म्हणे, “काही नाही आई.” मला वाटे, झोप नाही म्हणून असेल, मला वाटे, अंगात रक्त नाही म्हणून असेल, मी आणखी एक लाडू पुढे करी. तपासणीच्या दिवशी तेथील डॉक्टरीणबाईने तिला पुष्कळ प्रश्न विचारले. नंतर जावयांनी मला समजावून सांगितले, की बाळंतपणानंतर कित्येक जणींच्या मनाला असा काळोख येतो, तो आळस नव्हे, नाटक नव्हे, तो आजार आहे, आणि त्याला उपचार आहे. बोलणे, वेळ पडल्यास औषध, पुरेशी झोप, आणि प्रकृती मानवेल तसे रोज मोकळ्या हवेत चालणे. मी म्हटले, “चाळीस दिवस झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.” त्यावरून मायलेकींचे वाजले. हजारो कोसांवर जाऊन आम्ही दोघी एकमेकींशी बोलेनाशा झालो. तेथे शेजारीण नाही, ओसरी नाही, ‘काय गं, काय झालं’ म्हणून विचारणारी कुणी नाही. बिलोलीत भांडण झाले तर माणूस निदान विहिरीवर किंवा देवळात जाऊन येतो. तेथे मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून भांडी पुन्हा पुन्हा घाशीत असे.

चाळीस दिवस झाले. एका रविवारी सकाळी जावई म्हणाले, “आई, आज तुम्ही दोघी आणि बाळ, सगळे चला. मी तुम्हाला एक जुनं मैदान दाखवतो.”

गावाच्या कडेला हाहामोंग्ना नावाचे मोठे उद्यान आहे. नाव तेथल्या मूळच्या रहिवाशांच्या भाषेतले आहे. पूर्वी त्याला ओक ग्रोव्ह, म्हणजे ओक झाडांची राई, असे म्हणत. मैत्रिणींनो, जागा फार सुंदर आहे. उत्तरेस सॅन गॅब्रिएलचे उंच डोंगर. त्यांतून उतरणाऱ्या ओढ्याचे नाव अरोयो सेको, म्हणजे ‘कोरडा ओढा’. नाव ऐकून मला आपलाच मुलूख आठवला. आपल्याकडे तर चैत्र लागला की सगळेच ओढे या नावाला पात्र होतात. पावसात मात्र तोच ओढा पूर आणतो, म्हणून १९२० साली तेथे धरण बांधून पाणी अडवले. ओढ्याच्या काठी ओकची झाडे. आपल्या चिंचेसारखी पसरट सावली, वेडेवाकडे जाड बुंधे, पाने लहान, काठाला काटेरी. इतर झाडांची पाने गळाली तरी हे झाड हिरवेच राहते. खाली धुळीची पायवाट आणि सगळीकडे खारी.

त्या झाडांमधून थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी खांब उभे दिसले. प्रत्येक खांबाच्या वरच्या कड्याला गोल साखळ्या लोंबत होत्या आणि खाली जाळीची टोपली. मला वाटले, कचऱ्याची व्यवस्था असेल. जावई हसले. म्हणाले, “आई, हाच खेळ.”

खेळ असा आहे. हातात एक प्लॅस्टिकची तबकडी घ्यायची. वीतभराहून थोडी रुंद, वजनाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. ठरलेल्या जागेवरून ती पहिल्या टोपलीच्या रोखाने फेकायची. ती जेथे पडेल तेथे जाऊन तेथून पुन्हा फेकायची. साखळ्यांना लागून ती टोपलीत पडली की ती टोपली झाली, मग पुढची. किती फेकीत झाले ते मोजायचे. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. श्रीमंत लोक काठीने चेंडू मारून गलीत घालतात तो गोल्फ तुम्ही ऐकला असेल, त्याचा हा गरीब भाऊ. इंग्रजीत त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. त्याला गालिच्यासारखे गवत लागत नाही, काठ्यांची पिशवी लागत नाही, उचलणारा गडी लागत नाही. झाडे जशी आहेत तशी राहतात आणि त्यांच्यामधून वाट काढायची. नेहमीच्या डावात अठरा टोपल्या असतात, लहान मैदानात नऊ.

जावयांनी सांगितले, की जगात या खेळासाठी कायमचे बांधलेले पहिले मैदान ते हेच. १९७५ सालचे. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने ते मांडले. आरंभी नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून खेळणाऱ्यांत वाद होत. आपल्याकडे विटी टिपली की नाही यावरून होतात तसेच. म्हणून त्याने आणि त्याच्या मुलाने साखळ्या आणि टोपली यांची युक्ती काढली. तबकडी साखळीत खळ्ळकन वाजते आणि खाली पडते, वाद मिटला. त्या युक्तीचे पेटंट त्याला १९७७ साली मिळाले. खेळाची संघटना १९७६ साली निघाली होती. हा गृहस्थ २००२ साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची थोडी रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या केल्या. हे ऐकून मी कानांवर हात ठेवले. पण घरी आल्यावर विचार केला, की आपण गोदावरीत देतो, त्याने आपली माया जेथे होती तेथे दिली. असो.

त्याहून जुनी गोष्ट मला जास्त आवडली, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. १९३७ साली फ्रेड मॉरिसन नावाचा एक तरुण आणि पुढे त्याची बायको झालेली ल्युसिल हे दोघे लाह्यांच्या डब्याचे पत्र्याचे झाकण एकमेकांकडे फेकून खेळत होते. झाकण चेपले, तेव्हा त्यांनी केक भाजायचे पसरट पत्र्याचे भांडे घेतले, ते चांगले उडे. पुढल्या वर्षी समुद्रकिनारी ते खेळत असता एकाने ते पाच सेंटांचे भांडे पंचवीस सेंटांना मागितले. त्यावरून मॉरिसनच्या डोक्यात धंदा आला. त्याने पुढे प्लॅस्टिकची तबकडी काढली आणि १९५७ साली एका खेळण्यांच्या कंपनीने ती विकत घेतली. तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव पडले तेही एका भटारखान्यावरून. फ्रिस्बी नावाच्या त्या कंपनीच्या पायच्या रिकाम्या थाळ्या कॉलेजातली मुले फेकून खेळत. सांगायचे असे, की ज्या खेळाच्या आज जगभर स्पर्धा होतात, तो झाकण आणि थाळी यांतून निघाला. मुलांनी आपल्या घरात ताटाचे झाकण फेकले तर आपण धपाटा घालतो!

आता मैदान जुने म्हणजे काय, ते सांगते. आम्ही खेळत होतो तेव्हा आमच्या मागून तीन-चार तरुण मुले आली. आम्हाला बाळासह पाहून ती थांबली. पुढची माणसे दूर जाईपर्यंत फेकायचे नाही असा या खेळाचा शिष्टाचार आहे, आणि कोणी फेकीत असताना बोलायचे नाही. आम्ही त्यांना पुढे जाऊ दिले. त्यांच्या तबकड्या अशा गेल्या की मला दिसल्याच नाहीत. एका फेकीत टोपलीजवळ, दुसऱ्या फेकीत आत. जावई म्हणाले, “हे मैदान आता या पोरांना पुरत नाही.” कारण असे, की १९७५ साली तबकड्या जाड काठाच्या असत, फार दूर जात नसत, त्या मानाने टोपल्या ठेवल्या, बहुतेक शंभर मीटरच्या आतबाहेर. १९८३ साली निमुळत्या, धारेच्या काठाची तबकडी निघाली, ती वारा कापीत जाते. २०१६ साली एका तरुणाने वाऱ्याच्या साहाय्याने ३३८ मीटर फेक केली. त्यामुळे हल्लीच्या मोठ्या स्पर्धांच्या मैदानात काही टोपल्या दोनशे-तीनशे मीटर दूर ठेवतात. त्यांच्यापुढे हे पहिले मैदान आखूड झाले, जुने झाले. नावाजलेले खेळाडू तेथे एकदा नमस्कारापुरते येतात म्हणा ना, जसे आपण मूळ घरी दिवा लावायला जातो.

पण माझ्यासारखीला? मला तर तेच मैदान नीट मापाचे वाटले. शंभर मीटर मी चालू शकते. झाडाच्या सावलीत थांबता येते. प्रवेशाचे पैसे नाहीत. कुणी पाहत नाही, कुणी गुण मांडून भिंतीवर लावीत नाही. चॅम्पियनला जे आखूड, ते आजीला, बाळंतिणीला आणि लहान मुलाला पुरेसे.

माझी पहिली फेक माझ्याच पायाशी पडली. दुसरी मागे गेली. जावई शिकवीत होते, “खांदा टोपलीकडे करा, हात पोटावरून आडवा न्या, शेवटी मनगट.” मला काही उमगेना. तेव्हा लेक, जी दीड महिना धड बोलली नव्हती, ती बाळाला कडेवर घेऊन म्हणाली, “आई, ओला हात झटकतेस ना, तसं.” मी तसे केले. तबकडी सरळ गेली, मैत्रिणींनो, झाडांमधून तरंगत सरळ गेली आणि मी “गेली, गेली!” म्हणून ओरडले. माझे ओरडणे ऐकून एक खार झाडावर पळाली आणि लेक हसली. ते हसू पाहायला मी सातासमुद्रापार गेले होते, असे मला त्या क्षणी वाटले.

मग ती बाळाला जावयांकडे देऊन फेकायला उभी राहिली. जपून, हळू, ओझे न पडेल अशी. तिची फेक पाहून मी चकित झाले. म्हटले, “तुला कसं येतं?” ती म्हणाली, “मला सगळं येत होतं, आई. मी खो-खोत होते. तू मला नववीत बंद केलंस. आठवतं?”

मला आठवत नव्हते. खरे सांगते, आठवत नव्हते. तिला मात्र तारखेसकट आठवत होते. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी तिची निवड झाली होती, आणि मी म्हटले होते, “आता मोठी झालीस. धावायचं, उड्या मारायच्या, लोक काय म्हणतील?” मी तिचे बूट धाकट्याला देऊन टाकले. ती तेव्हा भांडली नाही. अभ्यासाला लागली, शिकली, नोकरीला लागली, संसाराला लागली. पण ती म्हणाली, “त्या दिवसापासून मी धावले नाही. आता बाळ झाल्यावर पुन्हा तसंच वाटायला लागलं, की आता आपलं सगळं संपलं.”

मी ओकच्या मुळावर बसले. काय बोलणार? मला माझे आठवले. आमच्या वेळी अंगणात कोळशाने चौकोन आखून ठिकरी खेळायचो. कुणी टिक्कर म्हणत. तेलुगू बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणी तोक्कुडु बिल्ला म्हणत. फुटक्या खापराचा, घासून गोल केलेला बिल्ला माझ्या परकराच्या ओच्यात कायम असे. नेम असा, की सातव्या घरात टाक म्हटले की सातव्या घरात. १९९० साली सातवी झाले. त्याच उन्हाळ्यात एके दिवशी माझ्या आजीने तो बिल्ला माझ्या ओच्यातून काढून घेतला आणि उकिरड्यावर फेकला. “आता मोठी झालीस,” म्हणाली. शाळाही तेथेच सुटली. त्या दिवशी मी किती रडले होते! आणि तेच वाक्य, तोंडातल्या तोंडातसुद्धा न बदलता, मी माझ्या लेकीला ऐकवले. आजी वाईट नव्हती. मीही वाईट नाही. पण एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला असे हे वाक्य आपण ताटातल्या भाकरीसारखे पुढे वाढीत आलो.

मी लेकीला म्हटले, “चुकले माझे.” एवढेच म्हटले. आईने लेकीला असे म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. पण त्या परक्या देशात, परक्या झाडाखाली ते तोंडातून निघाले, आणि बरे झाले निघाले.

त्यानंतर जानेवारीपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही तेथे जात असू. डॉक्टरीणबाईकडे तिचे जाणे चालूच होते. केवळ खेळाने आजार बरा झाला असे मी म्हणणार नाही, तसे कुणी समजूही नये. पण डॉक्टरीणबाईने जे सांगितले होते, उजेड, चालणे, बोलणे, ते सगळे त्या मैदानावर आपोआप होई. आम्ही नऊ टोपल्या खेळायचो, कारण तेवढ्यात बाळाची दुधाची वेळ होई. चालता चालता ती बोले. घरात समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी चालताना बोलता येते, हे मी तेथे शिकले. हळूहळू आंघोळीच्या खोलीतले रडणे कमी झाले. माझी साखरही खाली आली, जावई म्हणाले, “एका डावात तुमचं दोन-अडीच किलोमीटर चालणं होतं.” नुसते चाल म्हटले असते तर मी अर्धा किलोमीटरही चालले नसते. तबकडी पुढे गेली की माणूस तिच्यामागे जातोच.

त्या उद्यानाला लागूनच एक मोठी प्रयोगशाळा आहे, तिचे नाव जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. मंगळावर २०२१ च्या फेब्रुवारीत जी गाडी उतरली, ती तेथे तयार झाली. तेथील लोकांनी १९३६ साली याच कोरड्या ओढ्यात आपले पहिले अग्निबाण उडवून पाहिले होते. जावयांनी सांगितले, की तेथून चालवलेली व्हॉयेजर नावाची दोन याने १९७७ साली आकाशात सोडली, त्या टोपलीच्या पेटंटाच्याच वर्षी, आणि चाळीसाहून अधिक वर्षे झाली तरी ती सूर्यमालेच्या टोकापलीकडून निरोप पाठवीत राहिली. त्यांची यंत्रे आजच्या मानाने अगदीच जुनाट. म्हणून काही कुणी त्यांच्याशी बोलणे टाकले नाही. मी मनात म्हटले, कुंपणाच्या त्या बाजूला एक जुने चालते आहे, या बाजूला एक जुने चालते आहे, आणि मधे मी एक जुनी. मग मीच का अडगळीत बसावे?

आता मुद्द्याचे. येताना जावयांनी मला चार तबकड्या बांधून दिल्या. विमानतळावर एका साहेबाने पेटी उघडून विचारले, “हे काय, ताटे?” मी म्हटले, “हो, ताटेच.”

२०२४ च्या माघापासून आपल्या मंडळाच्या आम्ही पाच जणी हा खेळ खेळतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना कुजबुजीतून कळले आहेच. आज मी ते उघड सांगते. आपल्याच एका सभासद भगिनीने आपल्या शेताच्या कडेची पडीक जागा दिली आहे. तेथे चार लिंब, एक जुनी चिंच आणि बाभळी आहेत. वेल्डिंगवाल्याकडून दोन टोपल्या करवून घेतल्या. सायकलची जुनी रिंग वर, तिला सायकलच्याच टाकाऊ साखळ्या लोंबत्या बांधल्या आणि खाली फुटके घमेले. आवाज अगदी तिकडच्यासारखाच, खळ्ळकन. बाकीच्या चार ठिकाणी फांदीला डालगी टांगली आहेत. एकूण सहा. जगातले सर्वांत आखूड मैदान आपलेच असावे! तबकड्या चारच आहेत. जास्त जणी आल्या तर खेळण्यांच्या दुकानातली साधी तबकडीही चालते, थोडी कमी जाते इतकेच. उन्हाळ्यात सकाळी सहाला, एरवी सायंकाळी पाचला. पायात बूट हवेत, कारण बाभळीचे काटे. पदर खोचून घ्यावा किंवा सलवार घालावी, ज्याची त्याची सोय.

लोक हसले का? हसले. एका काकांनी विचारले, “काय बाई, सुदर्शन चक्र चालवता का?” मी म्हटले, “काका, तुमच्याच आशीर्वादानं.” एकदा कुत्र्याने तबकडी पळवली आणि आम्ही पाच जणी तिच्यामागे येसगीच्या रस्त्यापर्यंत धावलो, त्या दिवशी मात्र आम्हीच सर्वांत जास्त हसलो. सत्तरीच्या एक आजी पहिल्या दिवशी नुसत्या पाहायला आल्या होत्या. त्यांना दूर फेकता येत नाही. पण टोपलीजवळ आले की त्यांचा नेम आमच्यापैकी कुणाला नाही. मी विचारले, “आजी, कुठं शिकलात?” त्या म्हणाल्या, “साठ वरसं चुलीत लाकडं सारली, नेम बसंल न्हाई तर काय?”

खेळ कोणताही चालेल, भगिनींनो. तबकडीच हवी असा माझा हट्ट नाही. आपल्या खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. त्याआधी तोही अंगणातलाच खेळ होता. ठिकरी आहे, लगोरी आहे, मंगळागौरीचे खेळ आहेत. पण मंगळागौर वर्षातून एकदा येते आणि गुडघे रोज दुखतात. आणि हा खेळ मी सुचवते तो एवढ्याचसाठी, की त्यात धावावे लागत नाही, पडण्याची भीती कमी, सासू-सून एकाच डावात खेळू शकतात, आणि हरले तरी चालणे फुकट जात नाही. एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशाची क्रिस्टिन टाट्टार नावाची बाई २०२२ आणि २०२३ अशी दोन्ही वर्षे या खेळात स्त्रियांची जगज्जेती झाली. लहान जागेतून मोठे निघत नाही असे कुणी म्हणू नये.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की मंडळाने दर रविवारची एक संध्याकाळ खेळासाठी ठेवावी, भजनाची आणि भिशीची ठेवतो तशी. आणि गावात कुणी नवी बाळंतीण असेल, चाळीस दिवस झालेली, डॉक्टरांनी परवानगी दिलेली, तर तिला घरून बोलावून आणावे. तिने खेळलेच पाहिजे असे नाही. चिंचेखाली बसावे, बाळ आपल्यापैकी कुणीतरी घेईल. तिला कुणी ‘काय गं, काय झालं’ म्हणून विचारावे, आणि तिने ‘काही नाही’ म्हटले तर तेवढ्यावर गप्प बसू नये.

दुसरी विनंती अशी, की सातवी-आठवी-नववीतल्या आपल्या मुलींना त्या मैदानावर येऊ द्यावे. त्या आपल्यापेक्षा दूर फेकतील, आपली सहा टोपल्यांची जागा त्यांना वर्षभरात आखूड पडेल. पडू द्या. त्यांना मोठे मैदान शोधू द्या. आपण आपल्या जुन्या जागेत खेळत राहू. फक्त ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य त्यांच्या ताटात पुन्हा वाढू नये, एवढेच माझे मागणे.

लेकीचा परवाच फोन आला होता. नातू आता चालतो, आणि तिच्या तबकड्या पळवून टोपलीत नव्हे, बाथरूमच्या बादलीत टाकतो. ती विचारीत होती, “आई, तुझ्या मैदानाला नाव काय ठेवलंस?” मी म्हटले, अजून ठेवले नाही. आपल्यापैकी कुणाला चांगले नाव सुचले तर सांगावे. मीही विचार करते आहे. उद्या रविवार आहे, पाचला चिंचेखाली भेटू.

 आता चहा तयार आहे. आणि आज कप दुसऱ्या कुणीतरी मोजावेत.